मासे सोडू नका, निवड बदला: ठाणे-नवी मुंबईत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

लातूर, जळगाव, सोलापूरकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या घरांत मासे हळूहळू शिरतात. आधी शेजारच्या काकू तळलेल्या मांदेलीची ताटली देतात, मग एका रविवारी पिशवी घेऊन दिवाळे गावच्या किंवा ठाणे स्टेशनजवळच्या मच्छी बाजारात चक्कर होते, आणि वर्षभरात आठवड्याचे दोन वार ठरून जातात. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर बातमी धाडतं: खाडीतल्या माशांत पारा, शिसं, कॅडमियम. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मासे आजपासून बंद. दुसरा म्हणतो, इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खातायत, कुणाला काय झालंय?

मला दोघांचंही पटत नाही. मासे बंद केले तर उत्तम प्रथिनं, आयोडीन, ड जीवनसत्त्व आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं ताटातून जातात, आणि त्यांची भरपाई डाळ-भाकरीतून सहज होत नाही. आणि काहीच होत नाही असं म्हणणं पोटात बाळ असलेल्या बाईवर अन्याय करणारं आहे, कारण धातूंचा खरा फटका तिथे बसतो. कोणता मासा, कुठला, कुणासाठी आणि किती, एवढ्या चार गोष्टी ठरवता आल्या की घरातला बहुतेक धोका टळतो. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: धातू कोणत्या वाटेनं येतो ते ओळखा

हे एकदा नीट कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

पारा एका वाटेनं येतो, कॅडमियम आणि शिसं दुसऱ्या वाटेनं. कोळशावर चालणारी वीजकेंद्रं, जुने रासायनिक कारखाने, फुटलेल्या ट्यूबलाइट आणि थर्मामीटर यांतला पारा फिरत फिरत पाण्यात उतरतो आणि तळाच्या चिखलात जातो. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरीमध्ये रूपांतर करतात. हे रूप शरीराला सहज लागतं आणि लवकर सुटत नाही. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांत, म्हणजे प्लवकात, थोडं, प्लवक खाणाऱ्या तारलीत जरा जास्त, तारली खाणाऱ्या सुरमईत त्याहून जास्त आणि मुशीत, म्हणजे शार्कमध्ये, सगळ्यात जास्त, असं ते पायरीपायरीनं वाढत जातं. मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका त्यात पारा अधिक. त्यामुळे खोल, स्वच्छ समुद्रात पकडलेला मोठा शिकारी मासाही या बाबतीत निर्धास्त खाण्यासारखा नसतो.

कॅडमियम आणि शिशाचं तसं नाही. ते साखळीत वर वर चढत जात नाहीत. ते गाळाला चिकटतात, आणि त्या गाळात राहणाऱ्या किंवा तिथलंच पाणी गाळून खाणाऱ्या जिवांत साठतात: तिसऱ्या, कालवं, शिनाणे, खुबे असे शिंपल्यातले जीव, आणि खेकडे. माशांमध्येही ते मांसापेक्षा यकृत, मूत्रपिंड, कल्ले आणि हाडांत जास्त बसतात. इथे माशाच्या आकारापेक्षा जागेला महत्त्व आहे. मोठ्या शिकारी माशाबाबत विचारायचं तो किती मोठा. गाळातल्या जिवाबाबत विचारायचं तो कुठला.

आणखी एक गोष्ट. जस्त आणि तांबं हेही जड धातूंच्या यादीत येतात, पण थोड्या प्रमाणात ते शरीराला हवेच असतात. बातमीत 'जड धातू आढळले' एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता धातू आणि किती, हे वाचल्याशिवाय काळजी करत बसू नका.

दुसरी पायरी: तुमची खाडी समजून घ्या

ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. ठाणे, विटावा, कळव्याच्या बाजूला ती अरुंद आणि उथळ आहे, आणि वाशी ओलांडून खाली मुंबई बंदराकडे जाताना रुंद होत जाते. अरुंद टोकाला भरती-ओहोटीनं पाणी पूर्ण धुतलं जात नाही, बारीक गाळ तिथेच बसतो आणि धातू त्याला चिकटून राहतात. पूर्वेच्या काठाला साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत उभी आहे: रसायनं, रंग, औषधं, धातूंवर मुलामा देणारे कारखाने. पश्चिमेला मुंबई-ठाण्याचं सांडपाणी. उत्तरेला उल्हास नदी अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडचं घेऊन येते. दक्षिणेला तळोज्याची कासाडी नदी पनवेलच्या खाडीकडे जाते. या खाडीच्या गाळात आणि तिथल्या जिवांत धातू सापडल्याचे अभ्यास कित्येक वर्षांपासून प्रसिद्ध होत आलेत.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि ती छायाचित्रं जगभर गेली. तो रंग होता, धातू नव्हता, पण त्यातून कळण्यासारखं आहे. रंग दिसला म्हणून आरडाओरडा झाला. पारा, कॅडमियम, शिसं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चव नाही. लालचुटूक कल्ले, चकचकीत डोळे, घट्ट मांस या ताजेपणाच्या खुणा आहेत आणि त्या बघायलाच हव्यात, पण धातूंबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

फ्लेमिंगोंबद्दलही गैरसमज आहे. २०१५ मध्ये खाडीचा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, आणि पाणी सुधारल्याशिवाय पक्षी येतील कसे, असं लोक सहज बोलून जातात. फ्लेमिंगो ज्या शेवाळावर जगतात ते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर चांगलं फोफावतं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. पक्षी आले ही आनंदाची गोष्ट आहे. खाडीतलं कालव खाण्याजोगं झाल्याचा तो दाखला नव्हे.

तिसरी पायरी: बाजारात विचारायला शिका

ठाण्यात किंवा नवी मुंबईत विकला जाणारा बहुतेक समुद्री मासा खाडीतला नसतो. तो ससून डॉक, भाऊचा धक्का, उरणचं करंजा, उत्तन, वसई-अर्नाळा, सातपाटी इथल्या बोटींवरून किंवा थेट गुजरातेतल्या वेरावळहून बर्फात येतो. रोहू-कटला आंध्रच्या तळ्यांतून येतो. पण चेंदणी, विटावा, ऐरोली, घणसोली, वाशी गाव, सारसोळे, दिवाळे या कोळीवाड्यांच्या आसपास खाडीचा मालही येतो, आणि तो ओळखणं तुमच्या हातात आहे.

विचारा, पण नीट विचारा. "मावशी, ही कोलंबी खाडीची का दर्याची?" एवढं पुरतं. "दर्याची गो बाय, पहाटे धक्क्यावरून आणली" असं किंवा "खाडीची हाय, जिवंत हाय बघ" असं उत्तर येईल. बहुतेक जणी खरं सांगतात, कारण खाडीचा जिवंत माल त्यांच्या दृष्टीनं अभिमानाचा असतो. 'यात विष तर नाही ना?' असं चारचौघांत विचारून त्यांना पिंजऱ्यात उभं करू नका. खाडी त्यांनी खराब केलेली नाही. तिचं पाणी बिघडलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्याच जाळ्यातला मासा कमी झाला, आणि धातूंचा सगळ्यात मोठा डोसही रोज खाडीचं खाणाऱ्या त्यांच्याच घरांत जातो.

एकाच विक्रेतीकडे जात राहिलात तर महिन्या-दोन महिन्यांत ती स्वतःहून सांगायला लागते की आज काय घ्यायचं आणि काय नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या याद्यांपेक्षा ही ओळख जास्त कामाची आहे.

चौथी पायरी: मासे तीन गटांत मांडा

नेहमी खाण्याजोगे: तारली, बांगडा, मांदेली, बोंबील, दर्याची कोलंबी, करंदी, जवळा, मुडदुशी, लहान-मध्यम पापलेट. हे सगळे एक तर लवकर वाढून लवकर मरतात किंवा साखळीत खालच्या पायरीवर असतात. बोंबील स्वतः शिकारी आहे, पण त्याचं आयुष्य थोडं, त्यामुळे साठायला वेळ कमी मिळतो. रोहू-कटलाही पाऱ्याच्या दृष्टीनं याच गटात. आकडा द्यायचा तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदींत सार्डिनमध्ये, म्हणजे आपल्या तारलीच्या भाईबंदांत, सरासरी ०.०१३ पीपीएम पारा आहे, शार्कमध्ये ०.९७९. एक पीपीएम म्हणजे किलोभर माशात एक मिलिग्रॅम. शार्कचा आकडा जवळजवळ पंचाहत्तर पट होतो. आपल्याकडचे नेमके आकडे वेगळे असतील, पण क्रम असाच राहतो.

खिशालाही हा गट बरा पडतो. बांगडा आणि तारली या बाजारातल्या सगळ्यात स्वस्त माशांत येतात आणि ओमेगा-३ त्यांत भरपूर असतं. पाहुण्यांसमोर सुरमई ठेवण्याची आपल्याला हौस, पण रोजच्या जेवणाला बांगड्याची सर तिला नाही.

इथे एक घोटाळा सांभाळा. गरोदर बायकांनी टाळायच्या माशांच्या परदेशी यादीत 'किंग मॅकरेल' असतो, आणि इंटरनेटवर बांगड्यालाही मॅकरेल म्हणतात. ते वाचून बांगडा बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. किंग मॅकरेल हा मोठा शिकारी मासा, सुरमईच्या कुळातला. आपला बांगडा वेगळा, प्लवक खाणारा, वितीएवढा. तो खुशाल खा.

अधूनमधून खाण्याजोगे: सुरमई, रावस, हलवा, जिताडा, माकुल (स्क्विड), लहान कुपा (ट्यूना). सुरमई घ्यायचीच तर दोन हात लांब धुडाचे काप घेण्याऐवजी लहान, अख्खी घ्या. जिताडा हा रायगडकरांचा जीव की प्राण, आणि चांगल्या बांधणीतला, म्हणजे बांध घालून केलेल्या तळ्यातला, जिताडा खाल्ल्यावर कुणालाही ते पटेल. पण तो शिकारी आहे आणि खाडीतही चढतो, म्हणून कुठला ते विचारूनच घ्यावा.

क्वचित, आणि काहींनी अजिबात नाही: मुशी किंवा मोरी, मोठी घोळ, मोठी वाम, मोठा कुपा आणि मासळीबाजारात कधीकधी दिसणारे तलवारीसारख्या तोंडाचे मोठे मासे. मुशीबद्दल पुढे पुन्हा बोलायचं आहे.

खाडीच्या चिखलातल्या जिवांचं गणित वेगळं. ठाणे खाडीतल्या तिसऱ्या, कालवं आणि चिंबोऱ्या (खेकडे) मी नव्यानं आलेल्या कुणालाही नियमित खायला सांगणार नाही. तिसऱ्या खायच्याच तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या, किंवा निदान औद्योगिक पट्ट्यापासून लांबच्या खाडीतल्या बघा. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या तर रेती सुटते, धातू सुटत नाही. त्याला आठवडे, महिने लागतात. आणि शहरातले तलाव, नवी मुंबईतले धारण तलाव (पावसाचं पाणी साठवणारे होल्डिंग पॉन्ड), नाल्यांच्या तोंडाशी गळ टाकून काढलेले मासे, इथलं काहीही घरी आणू नका. तिथे शिसं-क्रोमियमच्या रंगांच्या मूर्तींपासून गॅरेजच्या ऑइलपर्यंत सगळं उतरलेलं असतं.

पाचवी पायरी: घरात कोण कोण आहे ते बघा

एकाच ताटातला मासा आजोबांना आणि गरोदर सुनेला सारखा नसतो.

१९५६ मध्ये जपानमधल्या मिनामाता या मासेमारीच्या गावात मज्जासंस्थेचा एक आजार नोंदवला गेला. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत सोडलेलं मिथाइल मर्क्युरी माशांतून लोकांच्या पोटात जात होतं, आणि ते सोडणं १९६८ पर्यंत चालू राहिलं. हातापायांना मुंग्या, बघण्याचा आवाका आकसणं, तोल जाणं, बोबडं बोलणं. पण सगळ्यात भयानक हे होतं की ज्या आयांना स्वतःला फारसं काही झालं नव्हतं, त्यांची मुलं मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली. मिथाइल मर्क्युरी वार (प्लासेंटा) ओलांडून जातं आणि बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतं. मिनामातातलं प्रमाण आपल्या बाजारातल्या माशांत नाही, ती तुलना करू नका. पण बाळाचा मेंदू आईपेक्षा कितीतरी हळवा असतो, हे तिथे कळलं आणि ते आजही तितकंच खरं आहे.

म्हणून ज्या घरात बाळाचा विचार चालू आहे, तिथे मुशी, मोठी घोळ, मोठी सुरमई सहा महिने आधीच थांबवा. मिथाइल मर्क्युरी शरीरातून निम्मं व्हायला साधारण ५० दिवस लागतात. सहा महिन्यांत आधी साठलेल्यातलं दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरतं. ज्या घरांत श्रावण पाळतात त्यांनी हाच हिशेब लावून बघावा: महिनाभर मासे नाहीत तर साठलेल्या पाऱ्यातला सुमारे एक तृतीयांश निघून जातो.

गरोदरपणात मासे बंद करू नका. आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, पहिल्या गटातले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला साधारण हाच आहे.

आता मुशी. कोकणात आणि कोळी-आगरी घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खायला घालतात, आणि सासूबाई ती मोठ्या मायेनं शिजवतात. त्यांना तोडून बोलू नका. म्हणा, "आई, यंदा मुशीऐवजी बोंबलाचं कालवण करू या का? डॉक्टरांनी मोठे मासे नको म्हटलंय." प्रथिनं आणि गरम पातळ कालवण, बाळंतिणीला हवं ते दोन्ही मिळतं. आधी खाल्ली गेली असेल तरी अंगावर पाजणं थांबवायचं नाही. दुधातून जाणारं मिथाइल मर्क्युरी थोडं असतं आणि दुधाचा फायदा फार मोठा.

लहान मुलांना आठवड्यातून दोनदा: एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम, चार ते सात वर्षांपर्यंत ६०, आठ ते दहा ८५, अकरानंतर ११० ग्रॅम. तीन वर्षांच्या पोराला ३० ग्रॅम म्हणजे बोटभर तुकडा. आजी ताटात याच्या तिप्पट वाढते, हे धरून चला.

सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियम आधीच तंबाखूतून जात असतं, आणि मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम दहा ते तीस वर्षं टिकतं. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा रक्तात लोह कमी आहे त्यांनीही खेकडे-कालवं जपून खावीत; लोह कमी असलं की शरीर कॅडमियम जास्त शोषून घेतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका या वर्गात मोडतात.

सहावी पायरी: एकदा कागदावर हिशेब करा

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २००३ मध्ये मिथाइल मर्क्युरीसाठी आठवड्याची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. ५५ किलोच्या बाईसाठी ८८ मायक्रोग्रॅम. माशात ०.५ पीपीएम असेल तर १७६ ग्रॅममध्ये, म्हणजे सुरमईच्या दोन बऱ्यापैकी कापांत, तिची आठवड्याची मर्यादा संपते. माशात ०.०५ पीपीएम असेल तर तिला पावणेदोन किलो खाता येईल. १५ किलोच्या मुलाची मर्यादा २४ मायक्रोग्रॅम, ०.५ पीपीएमचा मासा त्याला ४८ ग्रॅमच पुरतो.

ही मर्यादा आयुष्यभराच्या सवयीसाठी आहे. एखाद्या लग्नात सुरमई जास्त झाली म्हणून काही बिघडत नाही. पुढचा आठवडा बांगड्यावर काढा.

शिशासाठी असा आकडाच नाही. त्याच समितीनं २०१० मध्ये आधीची मर्यादा मागे घेतली, कारण ज्याखाली शिसं निर्धोक आहे असं प्रमाण सापडत नव्हतं. मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो, मोठ्यांचा रक्तदाब वाढतो. पण एक सांगते: बहुतेक घरांत शिसं माशापेक्षा इतर वाटांनी जास्त येतं. जुन्या भिंतीचा रंग, भेसळीची सुटी हळद, भंगार वितळवून केलेली ॲल्युमिनियमची पातेली. चिंच-कोकम घातलेलं आंबट कालवण स्टीलच्या किंवा मातीच्या साध्या, रंग-चकाकी नसलेल्या भांड्यात करा, आणि हळद खात्रीची घ्या. माशाची एवढी चौकशी करून हळद उघड्या पोत्यातली आणली तर काय उपयोग?

सातवी पायरी: साफ करताना आणि शिजवताना

पारा मांसातच असतो. धुऊन, लिंबू चोळून, हळद-मीठ लावून, तळून, उकळून तो जात नाही. बाजारात तसं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. कॅडमियम-शिशाबाबत मात्र साफसफाईचा खरा उपयोग होतो. कल्ले, आतडी, यकृत पूर्ण काढा. मांदेलीसारख्या बारक्या माशाचंही डोकं आणि पोट काढून टाकलेलं बरं. डोक्याचं कालवण आवडत असेल तर निदान कल्ले काढून करा.

चिंबोरीच्या कवचाखाली जो हिरवट-पिवळसर मऊ भाग असतो, ती तिची पचनग्रंथी. कॅडमियम सगळ्यात जास्त तिथे साठतं. नारिंगी, घट्ट लाख (अंडी) वेगळी, ती ग्रंथी नव्हे. मुरलेल्या खवय्यांना हा मऊ भाग रश्शात हवा असतो, त्याला खरंच चव आहे, पण गाळातल्या चिंबोरीचा तरी तो काढून टाका, मुलांना तर देऊच नका. नांग्यांचं पांढरं मांस त्या मानानं बरं. माकुलाचीही आतली पिशवी फोडू न देता काढा.

सुक्या माशात पाणी उडालेलं असतं, म्हणून त्याच वजनात धातू जास्त दिसतो. पण मूठभर सुकट (सुका जवळा) कांद्यावर परतून चार जण खातात, त्यामुळे जवळ्याला घाबरायचं कारण नाही. सुक्या मुशीचे तुकडे मात्र वर सांगितलेल्या कारणानं टाळा.

आठवी पायरी: पावसाळ्यात नियम बदला

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात बाजारात बर्फातला जुना माल, सुकी मासळी, आंध्रचे रोहू-कटला आणि खाडीचा ताजा मासा उरतो. 'ताजं' हवं म्हणून लोक नकळत खाडीकडे वळतात. या दोन महिन्यांत रोहू-कटला आणि सुकट यांवर भागवा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतांत, ओढ्यांत चढणाऱ्या वळगणीच्या माशांची मजा मुरबाड, शहापूर, कर्जतकडे जरूर घ्या. तळोजा, रबाळे, महापे किंवा डोंबिवलीतल्या कारखान्यांमागच्या नाल्यातून कुणी वळगण पकडून विकत असेल तर घेऊ नका. उन्हाळाभर साठलेली घाण त्या पाण्याबरोबर वाहत असते.

खाडीत मासे मरून तरंगले तर त्याचं कारण बहुधा पाण्यातला प्राणवायू संपणं असतं. तरी ते मासे खायचे नाहीत आणि जनावरांनाही घालायचे नाहीत.

नववी पायरी: तपासणी आणि बातमी, दोन्ही नीट वाचा

सोसायटीत दहा-बारा घरं मिळून एखादा मासा तपासून घ्यायचा ठरवलंत तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली अन्न-प्रयोगशाळा निवडा. धातूंची नावं आधी सांगा: एकूण पारा, कॅडमियम, शिसं. आर्सेनिक तपासायचं तर असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मागा. समुद्री माशांतलं बहुतेक आर्सेनिक सेंद्रिय, फारसं अपाय न करणारं असतं, आणि नुसता एकूण आकडा बघितला की उगाच धडकी भरते.

अहवालात किंवा बातमीत आकडा ओल्या वजनाचा की कोरड्या वजनाचा, हे बघाच. माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. कोरड्या वजनावर काढलेला आकडा चार-पाच पट मोठा दिसतो, आणि तो ओल्या वजनाच्या मर्यादेशी ताडून 'धोक्याची पातळी ओलांडली' असे मथळे छापले जातात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची माशातल्या शिशाची ०.३ पीपीएम ही मर्यादा ओल्या, खाण्याच्या भागासाठी आहे.

स्वतःच्या रक्तातला पारा तपासायची गरज फार थोड्यांना असते: रोज मोठे मासे खाणारे, पारा हाताळण्याचं काम करणारे, किंवा हातापायांना कारण नसताना मुंग्या येणारे. तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. लघवीतल्या आर्सेनिकच्या तपासणीआधी तीन-चार दिवस मासे खाऊ नका, नाहीतर आकडा चढलेला येतो. 'शरीरातले धातू काढून टाकणारी' पावडर, पायाला लावायचे पॅड, काढे यांवर पैसा घालवू नका. धातू खेचून काढणारी खरी औषधं आहेत, पण ती विषबाधेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात आणि त्यांचे स्वतःचे धोके आहेत.

दहावी पायरी: दिसलं तर कळवा

नाल्याच्या पाण्याचा रंग अचानक बदलला, रात्री टँकर खाडीत रिकामा होताना दिसला, मासे तरंगले, तर फोटो, वेळ, जागा यांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे किंवा नवी मुंबई प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. महापालिकेलाही प्रत द्या. बाजारातल्या मालाबद्दल तक्रार असेल तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन किंवा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं फूड सेफ्टी कनेक्ट हे ॲप. एकट्याच्या फोनपेक्षा सोसायटीच्या पत्राला वजन असतं, आणि त्या पत्रावर जवळच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीची सही मिळाली तर आणखी. त्यांना कोणत्या भरतीला कोणता वास येतो हे ठाऊक असतं. पत्र लिहिण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा, आणि त्यांनी सांगितलेल्या तारखा-वेळा पत्रात घाला.